अधिकाऱ्याच्या शंकेला उत्तर देताना: पुरावा शंकेच्या आधीचा असावा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या डिझाइन विभागात तुम्ही साडेचार वर्षे काम केले, कॅनडात कायम वास्तव्यासाठी तेथील एक्स्प्रेस एंट्री या ऑनलाइन पद्धतीतून फेडरल स्किल्ड वर्कर (कुशल कामगार) गटात अर्ज भरला आणि त्यात मेकॅनिकल इंजिनिअरचा २१३०१ हा एनओसी कोड घेतला. (येथे एनओसी म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र नव्हे, तर कॅनडा सरकारचे व्यवसायांचे वर्गीकरण.) आता कॅनडाच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याचे पत्र आले आहे. अनुभवपत्रातील कामांची यादी सरकारी वर्णनातून जशीच्या तशी उतरवलेली दिसते आणि एचआरला फोन केला असता तुम्ही फक्त ड्रॉइंग तयार करत होता असे सांगण्यात आले, असे त्यात म्हटले आहे. उत्तरासाठी ३० दिवसांची मुदत आहे. कंपनीकडून नवे, अधिक सविस्तर पत्र आणून पाठवले तर पुरेल का, असे तुम्ही विचारता. माझ्या मते तेवढ्याने भागणार नाही.

अशा पत्राला प्रोसिजरल फेअरनेस लेटर म्हणतात. ते नकारपत्र नाही, पण ते का येते हे समजल्याशिवाय त्याला नीट उत्तर देता येत नाही. अर्जदार नियमातील अटच पूर्ण करत नसेल किंवा कागदपत्रे अपुरी असतील, तर सहसा अधिकाऱ्याला आधी विचारणा करण्याचे बंधन नसते. तो सरळ अर्ज नाकारू शकतो. मात्र सादर केलेली माहिती खरी, अचूक किंवा विश्वासार्ह आहे का अशी शंका असेल, तर ती अर्जदारापुढे ठेवून बोलण्याची संधी द्यावी, असे तेथील फेडरल कोर्टाने २००६ च्या एका निर्णयात स्पष्ट केले आणि तो निर्णय पुढे सतत आधाराला घेतला गेला. तुम्हाला पत्र आले याचा अर्थ तुमच्याकडे कागद कमी आहेत असा नाही, तर असलेल्या कागदावर विश्वास बसलेला नाही. ज्या कंपनीच्या पत्राविषयी शंका आहे, त्याच कंपनीचे, शंका आल्यानंतर आणि तुमच्या मागणीवरून लिहिलेले दुसरे पत्र ही शंका कशी मिटवणार? ते जोडावे, पण त्यावर विसंबू नये.

त्याआधी पत्र पुन्हा वाचून त्यात कोणते कलम नमूद केले आहे ते पाहा, कारण तुमच्या प्रश्नात त्याचा उल्लेख नाही. फक्त इमिग्रेशन नियमावलीतील नियम ७५ असेल, तर मुद्दा पात्रतेचा आहे. अर्ज नाकारला गेला तरी पुन्हा अर्ज करता येतो. इमिग्रेशन कायद्याचे कलम ४० असेल, तर आरोप चुकीची माहिती दिल्याचा किंवा महत्त्वाची माहिती दडवल्याचा आहे आणि तो ग्राह्य धरला गेला तर पाच वर्षे कॅनडाचे दार बंद होते. हे कलम ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ चुकीच्या माहितीविषयी बोलते, त्यामुळे मजकूर एजंटने लिहिला होता ही सबब टिकत नाही. कलम ४० दिसले, तर स्वतः उत्तर लिहीत बसू नका, कॅनडातील परवानाधारक वकील गाठा. पैसे वाचवण्याची ही जागा नव्हे.

आता मूळ मुद्दा. नियम ७५ नुसार अनुभवाबाबत तीन गोष्टी लागतात: गेल्या दहा वर्षांत किमान एक वर्षाचा सलग पूर्णवेळ अनुभव, म्हणजे आठवड्याला ३० तास, त्या व्यवसायाच्या वर्णनातील प्रारंभिक विधानात बसणारे काम, आणि मुख्य कामांपैकी बरीचशी, अत्यावश्यक कामे असतील तर ती सर्व. मेकॅनिकल इंजिनिअरच्या प्रारंभिक विधानात संशोधन, डिझाइन आणि विकास हे शब्द आहेत. शेजारच्या २२३०१ या कोडमध्ये, म्हणजे तंत्रज्ञांच्या गटात, ड्रॉइंग आणि तपशील तयार करणे हे मुख्य कामांत येते. अधिकाऱ्याच्या मनातील प्रश्न बहुधा हाच आहे: भागाची जाडी किती असावी हे तुम्ही ठरवत होता, की दुसऱ्याने ठरवलेली जाडी कागदावर उतरवत होता? ड्रॉइंगची शंभर पाने पाठवली तरी या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, उलट शंका पक्की होते.

म्हणून निर्णय तुमचा होता हे दाखवणारे जुने कागद शोधा. डिझाइन रिव्ह्यूच्या बैठकीचे इतिवृत्त, ज्यात तुमच्या नावापुढे एखादा बदल सुचवल्याची नोंद आहे. ताणाचे विश्लेषण केल्याचा अहवाल. सामग्री का बदलली हे पुरवठादाराला कळवणारा तुमचा ई-मेल. वार्षिक मूल्यमापनाचा फॉर्म, ज्यात वरिष्ठांनी वर्षभराच्या कामाविषयी चार ओळी लिहिलेल्या असतात. मूल्यमापनाचा हा फॉर्म मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो व्हिसाचा विचारही नसताना, दुसऱ्याच कारणासाठी आणि दुसऱ्याच व्यक्तीने लिहिलेला असतो. अर्थात कंपनीचे गोपनीय तपशील परवानगीशिवाय बाहेर देऊ नका. मोजमापे आणि ग्राहकाचे नाव झाकून दिले तरी चालते, आणि झाकले आहे असे उत्तरात लिहावे. फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचे विवरण आणि पगारपत्रके जोडायला हरकत नाही, परंतु त्यांतून तुम्ही नोकरीला होता एवढेच सिद्ध होते, आणि त्यावर कोणी शंका घेतलेलीच नाही.

यादी उतरवल्याचा आक्षेप खरा असेल, तर तो मान्य करा. माझ्या बाबतीत नेमके हेच घडले होते. माझ्या जुन्या कंपनीने कामांचा तपशील देण्यास नकार दिला, म्हणून एका सल्लागाराने तयार केलेला मजकूर मी व्यवस्थापकांपुढे ठेवला आणि त्यांनी तो न वाचता सही करून दिला. पत्र आल्यावर मी चार पानी संतप्त उत्तर लिहिले, ज्यात माझ्या पदव्या, माझी मेहनत आणि माझ्यावर होत असलेला अन्याय यांशिवाय काहीच नव्हते. सुदैवाने ते पाठवले नाही. दुसऱ्या मसुद्यात मी सरळ लिहिले की शब्द वर्गीकरणातून घेतले होते, ते तसे का घेतले आणि त्यांतील प्रत्येक वाक्याखाली मी प्रत्यक्ष काय करत होतो. ज्या दोन कामांशी माझा संबंध नव्हता, ती माझी नाहीत असेही लिहिले. हे लिहिताना हात थरथरत होता, पण आजही मला वाटते की उरलेल्या कामांवर विश्वास बसला तो या दोन वाक्यांमुळे.

एचआरच्या फोनचे उत्तर अधिक नाजूक आहे. ‘त्यांना काही माहीत नाही’ असे लिहून चालणार नाही. फोन घेणाऱ्या व्यक्तीसमोर बहुधा फक्त तुमचे पदनाम असते आणि डिझाइन विभाग म्हटला की बाहेरच्या माणसाला ड्रॉइंगच आठवते. ही व्यक्ती तुमच्या विभागाची नव्हती, हे संघटनतक्त्यासह दाखवा आणि तुमचे काम रोज पाहणाऱ्या तत्कालीन वरिष्ठांचे शपथपत्र जोडा. त्यात त्यांचे स्वतःचे पद, तुमच्यावर देखरेख केल्याचा काळ, त्यांनी पाहिलेली दोन-तीन ठोस कामे आणि अधिकाऱ्याला संपर्क करता येईल असा पत्ता असावा. शपथपत्राचा मजकूर त्यांनाच लिहू द्या. तुम्ही लिहून दिलात तर पुन्हा त्याच खड्ड्यात पडाल.

कोड बदलण्याची विनंती करण्याचा मोह होईल, कारण २२३०१ सुद्धा कुशल व्यवसायांतच मोडतो. तो टाळा. काम इंजिनिअरचे होते, हे पहिल्या परिच्छेदात म्हणायचे आणि शेवटच्या परिच्छेदात तंत्रज्ञाचे समजा म्हणायचे, हे एकमेकांना छेद देणारे आहे.

अधिकाऱ्याने तुमच्या अर्जाविषयी नोंदवलेल्या टिपा मागवता येतात. कॅनडात राहणारी एखादी व्यक्ती तुमच्या लेखी संमतीने माहितीच्या अधिकाराखाली पाच डॉलर भरून त्या मागवू शकते. मात्र त्या देण्यासाठी कायद्याने सरकारला दिलेली मुदतही ३० दिवसांचीच आहे. त्यामुळे मागणी आजच करा, जुने कागद मिळवण्यास वेळ लागणार असेल तर मुदत संपण्याआधी कारण देऊन वाढ मागा, आणि वाढ मिळाल्याचे लेखी कळेपर्यंत जुनीच तारीख खरी धरा.

उत्तर दोन-तीन पानांचे ठेवा, अधिकाऱ्याचे प्रत्येक वाक्य उद्धृत करून त्याखाली तुमचे म्हणणे आणि जोडपत्राचा क्रमांक द्या. हातचे काही राखून ठेवू नका. अर्ज नाकारला गेला तर फेडरल कोर्टाकडे न्यायिक पुनरावलोकनाची परवानगी मागता येते. प्रकरण कॅनडाबाहेरचे असेल तर ६० दिवसांत, कॅनडातले मानले गेले तर १५ दिवसांत. पण न्यायालय सामान्यतः अधिकाऱ्यासमोर जे कागद होते तेच पाहते. आज कपाटात राहिलेला मूल्यमापनाचा फॉर्म तेव्हा दाखवता येणार नाही.