फरसाणाची बरणी कुठे ठेवता?

"मॅडम, माझ्यात निग्रहच नाही. सोमवारी ठरवते, बुधवारी मोडते." हे गाऱ्हाणं माझ्याकडे सतत येतं. या ताई मुलुंडच्या, ऑफिस नरिमन पॉइंटला, वय चाळिशीच्या पुढे, साखर काठावर. निग्रहाचा विषय मी बाजूलाच ठेवला. संध्याकाळी दार उघडल्यापासून जेवायला बसेपर्यंत हात कशाकशाला लागतो, ते कागदावर काढायला सांगितलं.

कागदावर सगळं सापडलं. टीव्हीसमोर टीपॉयवर फरसाणाची काचेची बरणी. पेरू फ्रिजच्या तळाशी, गाठ मारलेल्या पिशवीत. चालायचे बूट दिवाणाच्या पोटात, दिवाणावर गादी आणि गादीवर सासरे! लोकलचे धक्के सोसून भुकेलेलं माणूस साडेसातला घरी आल्यावर समोर दिसेल तेच खाणार. मांडणी बदलली की माणसाची निवड बदलते, असं मांडणाऱ्या रिचर्ड थेलर यांना 2017 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

बरणी हलवली आणि सासूबाई रुसल्या. "आल्यागेल्यापुढे काय ठेवायचं?" प्रश्न रास्तच होता, आणि सुनेच्या पथ्यापायी घरात धुसफूस झाली तर ते पथ्य टिकत नाही. म्हणून फरसाण बंद केलं नाही. किलोऐवजी पाव किलो आणायचं, स्टीलच्या डब्यात भरून सर्वांत वरच्या फळीवर ठेवायचं आणि खाली काढायची मुखत्यारी सासूबाईंकडे. टीपॉयवर धुतलेले पेरू आणि सुरी. आता बातम्या बघता बघता सासूबाईच फोडी करतात.

व्यायामाला वेळ कुठून आणायचा? जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, आणि तो सलग 10 मिनिटं तरी हवा ही जुनी अट 2020 च्या सूचनांत उरली नाही. ताई आता बूट घालूनच घरातून निघतात, चपला ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये असतात. परतताना शेअर टॅक्सीची रांग सोडून ओव्हल मैदानाच्या कडेने सीएसएमटीपर्यंत चालत जातात. पावसाळ्यात हे कोलमडतं. मग निदान स्टेशनवर सरकता जिना टाळतात.

ऑफिसातल्या वाढदिवसांचे समोसे मात्र अजून सुटलेले नाहीत. तिथली मांडणी आपल्या हातात नसते. सध्या त्या प्लेटांपासून लांबची खुर्ची धरतात. कधी जमतं, कधी कुणीतरी प्लेट हातात आणून देतं.