वर्षाच्या मध्यात बदली झाली आणि शाळा मिळत नाही

ताई, तुमचं सगळं वाचलं. हैदराबादहून ऑगस्टच्या शेवटी पुण्यात आलात, मुलगी चौथीत, सीबीएसईची. सात शाळा फिरून झाल्या. दोघींनी 'प्रवेश बंद झाले' सांगितलं, चौघींनी 'जागा नाही', आणि एकीने 'आधी एलसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणा, मग बोलू'. तिकडे जुनी शाळा पुढच्या सत्राची फी भरल्याशिवाय एलसी द्यायला तयार नाही. पोरगी तीन आठवडे घरी बसून आहे.

माझा नवरा बँकेत होता. पाच गावं आणि दोन मुलं मिळून नऊ वेळा शाळाप्रवेश केले आहेत, त्यातले तीन भर वर्षात. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट. 'प्रवेश बंद झाले' आणि 'जागा नाही' ही दोन वेगळी उत्तरं आहेत, आणि आपण दमलेलो असलो की दोन्ही सारखीच ऐकू येतात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १५ मध्ये सरळ लिहिलंय की मुदत उलटून गेली म्हणून पहिली ते आठवीच्या मुलाला प्रवेश नाकारता येणार नाही. तेव्हा ज्या दोन शाळांनी तारखेचं कारण दिलं, तिथे परत जा. खिडकीवर नको, मुख्याध्यापकांकडे जा. कायद्याचं पुस्तक आपटायला जाऊ नका, फक्त एक अर्ज द्या: आमची बदली अमुक तारखेला झाली, मुलगी अमुक इयत्तेत आहे, प्रवेश मिळावा, जागा नसल्यास तसं लेखी कळवावं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हा कागद गेला की निम्म्या ठिकाणी सूर बदलतो. क्लार्क तोंडी 'नाही' म्हणतो तेव्हा त्याला काहीच लागत नाही, लेखी 'नाही' द्यायला मात्र कुणाची तरी सही लागते.

'जागा नाही' हे खरंही असू शकतं. सीबीएसईच्या नियमात एका तुकडीत ४० मुलं धरली आहेत. मात्र पालकांची मध्येच बदली झाली असेल तर ४५ पर्यंत सवलतीची वाट मंडळाने ठेवलेली आहे. म्हणून विचारताना 'जागा आहे का' असं विचारू नका. 'चौथीच्या तुकड्या किती, पटावर मुलं किती, आणि बदलीच्या कारणावर तुम्ही घ्याल का' असं विचारा. अर्जासोबत बदलीच्या आदेशाची प्रत जोडा. खासगी नोकरी असेल तर कंपनीचं पत्र चालतं. घराचा भाडेकरार नोंदणी केलेला असेल तर तोही लावा.

कायदा सगळ्या शाळांना सारखा लागू नाही, हे मला तिसऱ्या बदलीला कळलं. कलम ५ प्रमाणे मुलाला एका शाळेतून दुसरीत बदली मागण्याचा हक्क आहे, राज्याबाहेरून आलं तरी. पण तो सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांपुरता. विनाअनुदानित खासगी शाळा आणि केंद्रीय विद्यालयासारख्या शाळा त्यातून वगळल्या आहेत. म्हणजे खासगी शाळेत तुम्ही विनंती करता आणि अनुदानित शाळेत हक्क मागता. तुमच्या सातही शाळा खासगी इंग्रजी माध्यमाच्या दिसतात. म्हणजे हक्क जिथे चालतो त्या दारात तुम्ही अजून गेलाच नाहीत.

एलसीचं कोडंही इथेच सुटतं. त्याच कलमात म्हटलंय की जुन्या शाळेने दाखला ताबडतोब द्यायचा, आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही. उशीर करणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. जुन्या शाळेला हे कलम लिहून ईमेल करा आणि त्याची प्रत त्या जिल्ह्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा. फीचा वाद वेगळा चालू दे. जी रक्कम खरंच देणं लागता ती भरून टाका. आम्ही एकदा तत्त्वासाठी एका महिन्याच्या बसफीवर भांडलो आणि सहा आठवडे घालवले. त्या बसफीपेक्षा एसटीडी फोनचं बिल जास्त झालं होतं. खासगी शाळेत एलसी नसताना हमीपत्र लिहून तात्पुरता प्रवेश बऱ्याचदा मिळतो. मागच्या वर्षाचं प्रगतिपुस्तक, जन्मदाखला आणि बोनाफाईड एवढं हाताशी ठेवा. परराज्यातल्या एलसीवर अनेक शाळा तिथल्या शिक्षणाधिकाऱ्यांचा सही-शिक्का मागतात. एलसी आणायला कुणी हैदराबादला जाणारच असेल तर ती सही त्याच फेरीत उरकून घ्या.

आणि पेन नंबर! म्हणजे युडायस या शाळांच्या सरकारी नोंदणी-पोर्टलवरचा मुलीचा कायम शिक्षण क्रमांक, तो जुन्या शाळेकडून आत्ताच मागून घ्या. आजकाल कागदावर एलसी मिळाला तरी पोर्टलवर मूल जुन्या शाळेतच दिसत राहतं, आणि जुन्या शाळेने तिथून सोडल्याशिवाय नव्या शाळेला नाव ओढून घेता येत नाही. प्रवेश झाल्यावर महिनाभराने 'तुमच्या मुलीचं नाव दिसत नाही' असा फोन येतो, तो याच्यामुळे.

एखाद्या शाळेने मुलीची परीक्षा किंवा तुमची मुलाखत घेऊन निवड करतो म्हटलं, तर कलम १३ प्रमाणे ते चालत नाही. पहिल्या वेळेला दंड २५,००० रुपयांपर्यंत, पुढे प्रत्येक वेळी ५०,००० पर्यंत. देणगी मागितली तर तिच्या दहापटीपर्यंत दंड आहे. हे माहीत असू दे. पण प्रवेशाच्या टेबलावर ते काढू नका, त्याच शाळेत मुलीला सहा वर्षं काढायची असतील.

तुम्हाला आवडणार नाही असं आता लिहिते. तुम्ही 'चांगली' शाळा मिळेपर्यंत थांबायचं ठरवलंय असं वाटतं. मी थांबले होते. दुसरीतला मुलगा, नावाजलेल्या शाळेच्या प्रतीक्षायादीत तिसरा नंबर, 'दोन आठवड्यांत कळवतो' म्हणाले. तो नंबर दिवाळीपर्यंत तिसराच राहिला. तोवर मुलगा दुपारभर खिडकीत उभा राहून सोसायटीतल्या मुलांची बस यायची वाट बघायचा, आणि ती मुलं आली की खाली जायला नाही म्हणायचा, कारण ती एकमेकांशी वर्गातलंच बोलायची. शेवटी घरामागच्या अनुदानित शाळेत घातला. चौथ्या दिवशी डबा संपवून आला. त्याच्या बाई आजही मला बाजारात भेटल्या की त्याची चौकशी करतात. नावाजलेल्या शाळेतून पुढच्या वर्षी फोन आला, तेव्हा त्याने जायला साफ नकार दिला.

तर माझं मत: या आठवड्यात घराजवळच्या अनुदानित किंवा महापालिकेच्या शाळेत तिचं नाव घाला. महापालिकेच्या इंग्रजी माध्यमाच्याही शाळा आहेत, बघून तर या. तिथेही कुणी टाळाटाळ केली तर महापालिकेच्या शिक्षण विभागात प्रशासन अधिकाऱ्यांना अर्ज द्या. स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना प्रवेश मिळवून देणं ही कलम ९ प्रमाणे महापालिकेचीच जबाबदारी आहे. आणि खासगी शाळांचा शोध त्यासोबत चालू ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर आणि मार्चमध्ये पुन्हा फोन करा, तेव्हा इतरांच्याही बदल्या झालेल्या असतात आणि जागा सुटतात. सीबीएसईची नवी वर्षं एप्रिलला सुरू होतात, राज्य मंडळाची जूनमध्ये, हे गणित लक्षात ठेवा, नाहीतर जूनची वाट बघत एप्रिल हातचा जाईल. चौथीत बोर्ड बदललं तर काही बिघडत नाही. नववीनंतर मात्र बोर्डाच्या नोंदणीमुळे ते खरंच अवघड होतं.

नव्या शाळेत मराठीचं कसं होईल, हे तुम्ही विचारलंयत. राज्यात २०२० च्या कायद्यामुळे सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे, त्यामुळे तो चुकणार नाही. घरी मराठी बोलता आणि तिला हिंदी येते, म्हणजे देवनागरी येतेच. राहिले ळ, ऱ्हस्व-दीर्घ आणि जोडाक्षरं. रोज रात्री तिला तुमच्या घरातलीच एखादी गोष्ट पाच ओळींत लिहायला सांगा, चुका लगेच काढू नका. माझ्या मुलीने पहिल्या आठवड्यात 'बाबा चिडले' एवढं एकच लिहिलं होतं, सात दिवस.

अर्जाचा मजकूर लागला तर सांगा, मी आम्ही दिलेला उतरवून देते. आणि कुठल्या भागात राहता तेही लिहा, त्या बाजूला राहणारे आणखी दोघंतिघं इथे आहेत, ते जवळच्या अनुदानित शाळा सांगू शकतील.