स्टेंट टाकलेत, तरी चालताना छातीत भरून येतं

प्रश्न: डॉक्टर, माझे बाबा 64 वर्षांचे आहेत, आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन दोन स्टेंट टाकले. मधे एकदम छान होते पण आता महिना झाला, जेवून चालायला निघाले की नाक्यापर्यंत जाईस्तोवर छातीत भरून येतं, थांबले की दोन-तीन मिनिटात बरं वाटतं. ते म्हणतात गॅस आहे, ओवा खातात. ईसीजी नॉर्मल आलाय. स्टेंट फेल गेला का?
- एक वाचक, सांगली

उत्तर: ताई, चाललं की येतं आणि थांबलं की जातं, ह्या दुखण्याला कृपया गॅस म्हणू नका, हा अंजायना, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्यामुळे होणारं दुखणं, असू शकतो. बसल्या जागी काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटलो असंही नाही. पण स्टेंटच बिघडला असं लगेच धरू नका. कधी स्टेंटच्या आत पेशी वाढून जागा परत अरुंद होते, हे बरेचदा पहिल्या वर्षातच होतं, कधी दुसऱ्याच नळीतला ब्लॉक वाढतो, आणि कधी मोठ्या नळ्या मोकळ्या असतात पण अँजिओग्राफीत न दिसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या नीट उघडत नाहीत. हिमोग्लोबिन कमी झालं किंवा बीपी वाढलं तरी दुखणं डोकं वर काढतं.

त्यामुळे ह्याच आठवड्यात, अँजिओग्राफीची सीडी घेऊन, तुमच्या कार्डिओलॉजिस्टना दाखवा. दरवेळी परत स्टेंटच लागतो असं नाही, बऱ्याच जणांचं गोळ्या बदलून, डोस वाढवून भागतं. रक्त पातळ करायच्या गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, दात काढायचा असला तरी आधी विचारा, मधेच बंद केल्या तर स्टेंटमधे गुठळी होऊ शकते आणि ते फार वाईट असतं.

डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट, म्हणजे छातीत दुखलं की घ्यायची गोळी, दिली असेल तर ती खिशातच हवी, कपाटात नको. दुखलं की आधी खाली बसायचं मग जिभेखाली ठेवायची, कारण बीपी उतरून चक्कर येते. व्हायग्रासारखी गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट अजिबात नाही, बाबा तुम्हाला हे सांगणार नाहीत, डॉक्टरांना एकट्यात विचारू द्या. पाच मिनिटात कमी झालं नाही, किंवा बसल्या-झोपल्या दुखायला लागलं, घाम फुटला, तर सरळ 108 ला फोन करा, त्यांना स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका.