बायबल रोज वाचतो, पण पैसा, घर आणि ऑफिस यात ते ज्ञान वापरायचं कसं?

सलाम. तुमच्या प्रश्नात खरं तर तीन अडचणी आहेत. चर्चच्या मंडळीतला एक भाऊ पतसंस्थेच्या कर्जाला जामीन राहा म्हणतोय, नातेवाईकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वाद चाललेत, आणि रविवारी ड्यूटी लागते म्हणून उपासना चुकते. वचन तर रोज वाचताय, पण यातल्या कशाला काय लावायचं ते सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी काही चर्चचा पाळक नाही, एका छोट्या बांधकाम ठेकेदाराकडे हिशेब बघतो, त्यामुळे मला जे पैशाच्या व्यवहारात उपयोगी पडलं तेच जास्त सांगेन.

जामीनकीचं आधी घेऊ, कारण यात बायबल इतकं स्पष्ट बोलतं की वाचून आश्चर्य वाटतं. बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकाच्या ६ व्या अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे की शेजाऱ्याला जामीन राहून शब्दात अडकला असशील तर जा, त्याच्या मागे लाग, विनवणी कर, डोळ्याला डोळा लागू देऊ नको आणि हरणासारखी स्वतःची सुटका करून घे. पुढे २२ व्या अध्यायात तर विचारलंय की फेडायला तुझ्याकडे काही नसलं तर तुझ्या अंगाखालचं अंथरूण का जावं? आपला कायदाही तेच सांगतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं ठरलं नसेल तर कर्जदाराची जितकी जबाबदारी तितकीच जामीनदाराची, म्हणजे संस्था आधी कर्जदाराकडेच गेली पाहिजे असंही नाही, थेट तुमच्या दारात येऊ शकते. लोक मात्र सही करताना म्हणतात, नुसती सही तर आहे.

पण म्हणून त्या भावाला दारातून परत पाठवायचं का, तर नाही, कारण त्याच नीतिसूत्रांत १९:१७ ला, म्हणजे १९ व्या अध्यायाच्या १७ व्या ओवीत, आहे की जो गरिबावर दया करतो तो परमेश्वराला उसनं देतो. मला ही दोन्ही वचनं एकत्र धरावीशी वाटतात. सही करू नका, आणि जेवढे पैसे परत नाही आले तरी तुमच्या घरातला किराणा थांबणार नाही तेवढे सरळ देऊन टाका, मोकळ्या मनाने, आणि नंतर त्याचा विषय काढू नका. बायकोला विचारून द्या हेही सांगतो. अंथरूण तिचंही आहे.

पैशाचंच अजून एक, जे तुम्ही विचारलेलं नाही पण मला फार महत्त्वाचं वाटतं. बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या २४ व्या अध्यायात लिहिलंय की मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, कारण तो गरीब आहे आणि त्याचं मन त्यावर लागलेलं असतं. आमच्या साईटवर शनिवारी पगार होतो. मी शुक्रवारीच बँकेतून शंभराच्या आणि पन्नासच्या नोटा काढून ठेवतो, कारण शनिवारी संध्याकाळी मजुराला "सुट्टे नाहीत, सोमवारी घे" म्हणणं फार सोपं असतं आणि रविवारचा बाजार त्याच पैशांवर असतो. ऑनलाईन टाकायचे तर काहींच्या खात्यातून हप्ता आपोआप कापला जातो, म्हणून त्यांना रोख लागतात, हे विचारल्याशिवाय कळत नाही. तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांचा पगार पाच तारखेवरून एक तारखेला आणा, मला विचाराल तर इथूनच सुरुवात करा. नीतिसूत्रे ३:२८ पण हेच म्हणतं, जवळ असताना "उद्या ये" म्हणू नको.

आता ग्रुपवरचे वाद. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणाप्रमाणे उत्तर देऊ नको, आणि लगेच पुढची ओवी म्हणते उत्तर दे. पुष्कळ जण इथे गोंधळतात, पण मला वाटतं त्या दोन ओळी मुद्दाम शेजारी ठेवल्यात, म्हणजे समोर कोण आहे आणि आत्ता काय चाललंय ते बघूनच तुम्हाला ठरवावं लागेल. काका चिडवायला काहीतरी फॉरवर्ड करतात तिथे गप्प राहा. पण कोणी एखाद्या वहिनीबद्दल खोटं लिहिलं आणि बाकीचे ते खरं धरायला लागले तर एकदाच, शांतपणे, हे खरं नाही असं लिहा आणि थांबा. आणि १८:१७ लक्षात ठेवा, पहिला बोलणारा नेहमी बरोबर वाटतो, दुसरा येऊन विचारेपर्यंत.

एक काळजी मात्र घ्या. नीतिसूत्रे म्हणजे हमीपत्र नाही. कोणाचा मुलगा वाईट मार्गाला लागला की त्या आईला २२:६, म्हणजे मुलाला योग्य वळण लाव, म्हातारपणीही तो ते सोडणार नाही, हे ऐकवणारे लोक मी पाहिलेत, आणि मला ते अजिबात पटत नाही. बायबलमधल्या ईयोबाने सगळं गमावलं तेव्हा त्याचे मित्र असंच करत होते, दोष त्याचाच म्हणत होते. पहिले सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले तेवढंच त्यांनी बरोबर केलं, तोंड उघडल्यावर सगळं बिघडलं आणि शेवटी देवानेच त्यांना झापलं.

रविवारच्या ड्यूटीसाठी दानिएल १ वाचा, सावकाश. दानिएल हा बाबेलच्या राजाच्या दरबारात नेलेला यहूदी तरुण. राजाच्या ताटातलं नको हे त्याने मनात ठरवलं होतं, पण त्याने दंगा नाही केला, विनंती केली. अधिकारी म्हणाला राजाने तुमचे चेहरे उतरलेले पाहिले तर माझं डोकं जाईल. दानिएलने त्या माणसाची भीती समजून घेतली आणि देखरेखीवरच्या कारभाऱ्याला म्हणाला, दहा दिवस बघा, मग ठरवा. तुम्हीही सुपरवायझरला कायमची सुट्टी मागू नका, त्याला वर उत्तर द्यावं लागतं. आधी एखादा सहकारी बघा ज्याला लक्ष्मीपूजनाला घरी जायचंय, त्याची ती शिफ्ट तुम्ही घ्या, त्याने तुमच्या रविवारच्या सकाळी घ्याव्यात, आणि दोघांनी मिळून एका महिन्यापुरतं लिहून द्या. नाहीच जमलं तर तुमच्या पाळकांना संध्याकाळच्या उपासनेबद्दल किंवा आठवड्यातल्या घरसभेबद्दल विचारा.