लॅटिस : जाळी की जालक?

प्रश्न : भौतिकशास्त्राच्या एका मराठी पुस्तकात स्फटिकाच्या ‘लॅटिस’साठी ‘जालक’ हा शब्द आढळला, तर वास्तुकलेवरील एका लेखात ‘जाळी’. यांपैकी योग्य शब्द कोणता?

उत्तर : दोन्ही योग्य आहेत, मात्र एकाच्या जागी दुसरा वापरल्यास अर्थ बिघडतो. इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधील लाकडी पट्टीच्या नावावरून आला असल्यामुळे पट्ट्या एकमेकींवर आडव्यातिडव्या ठोकून केलेली चौकट हा त्याचा मूळ अर्थ आहे. आपली ‘जाळी’ संस्कृत ‘जाल’पासून आली, आणि ती म्हणताना मराठी माणसाचे लक्ष पट्टीपेक्षा छिद्रांकडे असते. खसखशीची बाजू वर ठेवून तुपात सोडलेल्या अनारशावर झाऱ्याने गरम तूप उडवत राहिले, की त्याच्या अंगावर बारीक भोके उमलतात. त्यालाच आपण ‘जाळी पडली’ म्हणतो. (करवंदीची जाळी, म्हणजे दाट झुडपांचा गुंता, तेथे मात्र ‘लॅटिस’ मुळीच बसत नाही.) अहमदाबादच्या सिदी सय्यद मशिदीच्या सोळाव्या शतकातील कमानींत एकमेकांत गुंतलेल्या फांद्यांचे झाड दगडात कोरले आहे. त्यात पट्टीचा मागमूस नाही, प्रकाश येतो तो फांद्यांमधल्या मोकळ्या जागांतून. म्हणून तेथे ‘जाळी’ हाच शब्द शोभतो आणि ‘जालक’ उगाच जड वाटतो.

स्फटिकाची गोष्ट वेगळी आहे. मिठाच्या कणात सोडियम व क्लोरीन यांचे आयन (विद्युतभारित अणू) तिन्ही दिशांना आलटून पालटून, ठरावीक अंतरावर बसलेले असतात, आणि ही पुनरावृत्ती दाखवणाऱ्या बिंदूंच्या मांडणीला जालक म्हणतात. चित्रातील रेषा केवळ आपल्या सोयीसाठी काढलेल्या असतात. येथे ‘जाळी’ म्हटल्यास विद्यार्थी त्या रेषाच खऱ्या मानतो, आणि हा गैरसमज पुढे फार त्रास देतो. त्रिमितीत अशी जालके १४ प्रकारचीच असू शकतात, हे ब्राव्हे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५० च्या सुमारास दाखवून दिले.

गणितात ‘लॅटिस’चा आणखी एक अर्थ आहे, आणि तेथेही ‘जालक’च वापरावे. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२ घ्या. त्यांतील कोणत्याही दोहोंचा मसावि आणि लसावि याच संचात सापडतो, म्हणून हा संच जालक ठरतो; उदाहरणार्थ, ४ व ६ यांचा मसावि २, तर लसावि १२. तळाशी १, माथ्यावर १२ लिहून, प्रत्येक विभाजक त्याच्या पटीतील विभाजकाशी रेषेने जोडला, मात्र पहिल्याच्या पटीत असून दुसऱ्याला भागणारा तिसरा विभाजक असेल तेथे रेषा टाळली, तर शेजारी शेजारी दोन चौकोन तयार होतात.