वाचकांचे प्रश्न : प्राणिरक्षक होण्यासाठी तयारी कशी करावी?

प्रश्न : मी प्राणिशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून प्राण्यांची ओढ असल्यामुळे प्राणिसंग्रहालयात प्राणिरक्षक, म्हणजे झूकीपर, म्हणून काम करायचे मी ठरवले आहे. त्यासाठी पदवी पुरेशी आहे का? प्रशिक्षणात नेमके काय शिकावे लागते? घरी विषय काढला, तेव्हा ‘झाडूच मारायचा होता, तर एवढी शिकलीस कशाला?’ असे ऐकावे लागले.

उत्तर : झाडूपासूनच सुरुवात करतो, कारण घरच्यांचे म्हणणे खोटे नाही. प्राणिरक्षकाच्या दिवसातील मोठा वेळ साफसफाई करण्यात, खाद्य कापून मोजण्यात, भांडी घासण्यात आणि पाणी बदलण्यात जातो, आणि नव्या माणसाचे शिक्षणही तिथूनच सुरू होते. पण रात्रभरात प्राण्याने काय खाल्ले, काय टाकले, तो कोणत्या कोपऱ्यात झोपला, सोबतच्या प्राण्याशी त्याची झटापट झाली का, हे सकाळी ज्याच्या हाती झाडू असतो त्यालाच सगळ्यांत आधी कळते. रानात दुबळा दिसणारा प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत लगेच भरतो, म्हणून हरणे आणि पक्षी यांच्यासारखे जीव आपले दुखणे होईल तितके लपवतात. ते उघड दिसू लागते तेव्हा अनेकदा उशीर झालेला असतो. नेहमीपेक्षा मऊ पडलेली लेंडी, अर्धवट चघळून टाकलेला चारा किंवा एका पायावरचा भार किंचित कमी होणे, एवढ्याच खुणा वेळेवर मिळतात. त्या ओळखणारी नजर तयार होणे, हेच या कामाचे खरे प्रशिक्षण आहे असे मी मानतो.

मी स्वतः शिकाऊ असताना पेंग्विनच्या नोंदवहीत सलग तीन दिवस ‘खाणे व्यवस्थित’ एवढेच लिहिले होते. ज्येष्ठ सहकाऱ्याने वही माझ्यापुढे ठेवून विचारले, ‘व्यवस्थित म्हणजे किती?’ तेव्हा आठवले, की त्यांतल्या एका पक्ष्याने दोन मासे चोचीत धरून पुन्हा पाण्यात सोडले होते. मी ते डोळ्यांनी पाहिले होते, पण ते लिहिण्याजोगे आहे असे मला वाटले नव्हते. पशुवैद्यांनी चोच उघडून पाहिली, तर आत जखम निघाली. त्या दिवसापासून मी ‘व्यवस्थित’ हा शब्द वहीत लिहिलेला नाही. किती दिले, किती उरले, कोणी आधी खाल्ले, कोणी मागे राहिले, हेच लिहायचे. अशा नोंदींचे मोल एका वहीपुरते नसते. जगभरातील अनेक प्राणिसंग्रहालये आपली माहिती ‘स्पीशीज ३६०’ या संस्थेच्या प्रणालीत भरतात. ही संस्था १९७४ मध्ये वेगळ्या नावाने सुरू झाली. दुर्मिळ प्रजातीतील कोणत्या नराची जोडी कोणत्या मादीशी लावायची, हे ठरवताना अशा साठलेल्या नोंदीच उपयोगी पडतात.

आता पदवीविषयी. प्राणिशास्त्र, पशुसंवर्धन किंवा पशुवैद्यकाशी जोडलेल्या शिक्षणाचा उपयोग निश्चित होतो, आणि काही देशांत पदवीशिवाय अर्जाचा विचारही होत नाही; इतरत्र शालेय शिक्षणानंतर उमेदवारी करत शिकण्याची पद्धत आहे. कॅलिफोर्नियातील मूरपार्क कॉलेजमध्ये आवारातच प्राणिसंग्रहालय असून विद्यार्थी तेथील प्राण्यांची देखभाल करत शिकतात. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधील जर्सी बेटावर निसर्गलेखक जेराल्ड डरेल यांनी १९५९ मध्ये प्राणिसंग्रहालय सुरू केले. तेथे उभ्या राहिलेल्या प्रशिक्षण केंद्रात अनेक देशांतील लोक संकटग्रस्त प्रजातींच्या संवर्धनाचे धडे घेऊन गेले आहेत. मात्र नेमणूक करणारा प्रमाणपत्राइतकाच तुमचा प्रत्यक्ष अनुभव पाहतो. म्हणून पदवी हाती येईपर्यंत थांबू नका. प्राण्यांचा निवारा, पशुवैद्यांचा दवाखाना, गोठा, तबेला, पक्षी बचाव केंद्र, जिथे स्वयंसेवक म्हणून घेतील तिथे पहाटेच्या पाळीला जा. ऊन-पावसात, सणासुदीच्या दिवशीसुद्धा प्राण्यांची वेळ चुकवायची नसते, हे आपल्या अंगवळणी पडेल का, याचा अंदाज तुम्हाला तिथेच येईल.

प्रशिक्षणातील विषय बाहेरून साधे वाटतात, पण प्रत्येकाच्या पोटात बरेच काही असते. आहाराचेच पाहा. सील किंवा पेंग्विन यांना गोठवून साठवलेले मासे द्यावे लागतात. साठवणुकीत त्यांतील ब-१ जीवनसत्त्व घटते, आणि काही जातींच्या माशांत तर ते नष्ट करणारे विकरही (एन्झाइम) असते. त्यामुळे पोटभर खाणाऱ्या प्राण्यालाही त्याच्या कमतरतेने चेतासंस्थेचा आजार होऊ शकतो. यावर उपाय म्हणून प्राणिरक्षक माशाच्या कल्ल्याचे झाकण बोटाने उचलून आत जीवनसत्त्वाची गोळी सरकवतो आणि तो मासा नेमक्या त्याच प्राण्याच्या तोंडात जाईल असा देतो. बोटे थंडीने बधिर झालेली असतात, समोर दहा चोची एकदम पुढे येतात, आणि कोणाला गोळी मिळाली व कोणाला नाही याचा हिशेब डोक्यात चालू ठेवावा लागतो.

दुसरा मोठा विषय वर्तनाचा. बाझल आणि झुरिक येथील प्राणिसंग्रहालयांचे संचालक राहिलेले स्विस प्राणिशास्त्रज्ञ हाइनी हेडिगर (१९०८–१९९२) यांनी असे मांडले, की प्रत्येक प्राण्याचे एक पलायन-अंतर असते. त्याहून जवळ कोणी आले, की तो पळतो, आणि पळायला वाट नसेल तर उलटून हल्ला करतो. पिंजऱ्याचे दार कोणत्या बाजूला असावे, लपायला जागा किती हवी आणि झाडू मारताना आपण स्वतः कुठे उभे राहावे, हे सारे या एका विचारातून उलगडत जाते.

प्राण्यांना शिकवणे हा यापुढचा टप्पा आहे, आणि मला तो सर्वांत प्रिय आहे. इथे शिकवणे म्हणजे खेळ करून दाखवायला लावणे नव्हे. योग्य हालचाल होताच एक ठरलेला आवाज करायचा आणि लगेच आवडीचा घास द्यायचा, अशा बक्षिसाच्या पद्धतीने वाघ जाळीला समांतर पडून राहायला आणि आपली शेपटी खालच्या फटीतून बाहेर येऊ द्यायला शिकतो, आणि मग बेशुद्ध न करता शेपटीतून रक्ताचा नमुना घेता येतो. हत्ती गजांच्या आडव्या पट्टीवर पाय ठेवून नखे घासून घेतो. प्राण्याला नको असेल तर तो उठून जाऊ शकतो, आणि त्याला जाऊ द्यायचे असते. जबरदस्ती झाली, की अनेक आठवड्यांनी मिळवलेला विश्वास एका सकाळीत जातो. याच्याच जोडीला ‘एनरिचमेंट’ शिकवले जाते. अन्न ताटात वाढून न देता ओंडक्याच्या भोकांत लपवणे, नवा वास किंवा नवी फांदी आणून ठेवणे, अशा उपायांनी प्राण्याच्या शोधक वृत्तीला काम मिळते. एकाच रेषेत तासन्‌तास येरझाऱ्या घालणारे अस्वल ज्याने पाहिले आहे, त्याला याची गरज वेगळी सांगावी लागत नाही.

प्रश्न : माझ्या मुलाला याच क्षेत्रात जायचे आहे. जीवाला धोका किती असतो, हे स्पष्ट सांगावे.

उत्तर : धोका असतो, आणि तो नाही असे सांगणाऱ्या संस्थेत मुलाला पाठवू नये. वाघ-सिंहांसारख्या प्राण्यांच्या बाबतीत मूळ नियम असा, की माणूस आणि प्राणी एका वेळी एका जागेत नसावेत. प्राण्याला आतल्या खोलीत घ्यायचे, सरकते दार बंद करून कुलूप लावायचे, ते ओढून पाहायचे, मग आतले सगळे प्राणी डोळ्यांनी मोजायचे आणि त्यानंतरच बाहेरच्या आवारात पाऊल ठेवायचे. ‘तिन्ही आतच असतील’ हा अंदाज चालत नाही. तिन्ही दिसले पाहिजेत. हत्तींच्या बाबतीतही अनेक ठिकाणी माणूस आणि हत्ती यांच्यामध्ये कायम अडसर ठेवूनच काम करण्याची पद्धत आता रुळली आहे. नवशिके घाबरलेले असतात म्हणून जपून वागतात. माझी काळजी अधिक असते ती पाच-सहा वर्षे झालेल्यांची, ज्यांचे हात कुलपाकडे सवयीने जातात आणि मन दुसरीकडे असते.

मोठ्या जनावरांइतकेच लक्ष आजारांकडे द्यावे लागते. क्षयरोग माणसाकडून हत्तीला आणि हत्तीकडून माणसालाही होऊ शकतो. म्हणून नियमित तपासणी, लसीकरण, हातमोजे, जंतुनाशकात बूट बुडवून आत जाणे, या गोष्टी कंटाळवाण्या वाटल्या तरी सोडायच्या नसतात. ओझी उचलून जाणारी पाठ हीसुद्धा या व्यवसायातली नित्याची तक्रार आहे. मुलाखतीला जाताना मुलाने दोन गोष्टी अवश्य विचाराव्यात. नव्या माणसाला किती दिवस जाणत्या सहकाऱ्याबरोबरच काम करावे लागते, आणि त्याने एकट्याने किल्ली हाती घ्यावी की नाही हे कोण ठरवते? याचे नेमके उत्तर जिथे मिळेल, तिथे त्याने नोकरी स्वीकारावी.