बेटांवर लिहिणाऱ्याला

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

लक्षद्वीपवरचा मसुदा वाचला. हात चांगला आहे तुझा, पण पहिली चार पानं नुसतं निळं पाणी. माणूस पाचव्या पानावर भेटतो, तोही होडीतून उतरायला हात देण्यापुरता.

बेटांचं वेड वाईट नाही. चौदाव्या शतकातला मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता, त्यालाही ते होतं. दौलताबाद, नंदुरबार, गोवा बघून झालेला हा गडी १३४३ मध्ये कालिकतहून मालदीवला गेला. पुढे ते राज्य सोडून निघाला तेव्हा वाटेत एक इवलंसं बेट लागलं. एकच घर, त्यात एक विणकर, बायकोमुलं, थोडे माड, एक होडकं. जमिनीवरचे पक्षी म्हणावेत तर दोन कावळे, तेही गलबताभोवती घिरट्या घालायला आले. त्याला त्या विणकराचा हेवा वाटला; बेट आपलं असतं तर मरेपर्यंत इथेच राहिलो असतो, असं तो सांगतो. मोहाला जागा दिली ती एवढीच, आणि त्यातही कावळे मोजले!

त्याचा मालदीववरचा बाकीचा मजकूर बघ. बेटांची कडी असतात, आत शिरायला दरवाजासारखी एकच वाट, म्हणून तिथला वाटाड्या घेतल्याशिवाय गलबताची धडगत नाही. नारळाचं सोडण किनाऱ्यावरच्या खड्ड्यांत कुजवायचं, मोगरीने बडवायचं, मग बायका त्याचा काथ्या वळणार. त्याच सुंभाने गलबताच्या फळ्या शिवायच्या. खिळ्यांचं जहाज खडकावर आपटलं की फुटतं, शिवलेलं लवतं. कवड्या बंगालला जायच्या, तिकडून तांदूळ यायचा. सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या, कधी त्याहूनही कितीतरी जास्त. आज अभ्यासक त्याच्याकडे वळतात ते अशा मजकुरासाठी.

आणि तो नुसता बघ्या नव्हता. मालदीवच्या राणी खदीजाच्या राज्यात तो काझी झाला, दरबारी घराण्यांत लग्नं केली. बायकांनी अंगभर कपडे घालावेत असा त्याचा आग्रह. त्याच्या कचेरीपुरता पाळला गेला, बाहेर कोणी भीक घातली नाही. शेवटी वजिराशी बिनसलं. ही फजितीही त्याने लपवली नाही. तू तिथे कोण म्हणून वावरलास, पाहुणा की गिऱ्हाईक, हे तुझ्या मसुद्यात कळतच नाही.

त्याने हे सगळं मोरोक्कोतल्या फेस शहरात दहाएक वर्षांनी आठवून सांगितलं. मजकूर १३५५ मध्ये पुरा झाला. तुझ्या खिशात वही आहे, तिथल्या तिथे लिही.

पुन्हा जाशील तेव्हा लक्षद्वीपचंच दक्षिणेकडचं बेट मिनिकॉय गाठ. तिथली बोली मालदीवचीच. मालदीवचा मासा उकडून, धुरी देऊन पाठवतात असं इब्न बतूताने नोंदवलंय. मिनिकॉयला कुपा आजही तसाच टिकवतात. पकडतं कोण, उकडतं कोण, सरपण कुठून येतं, माल कुठल्या बोटीने जातो, दर कोण ठरवतं, एवढं विचारून ये. आणि तुकडा चावायला घाई करू नकोस, दगडासारखा असतो.

तुझा,
काका